खडबडीत झालं की ट्यूब मेली

बाबा,

तुमचं एक वाक्य आज चुकीचं ठरलं आणि मला इतका आनंद झालाय की दुपारपासून एका जागी बसवत नाहीये. तुम्ही असतात तर मी विद्यापीठातून थेट घर गाठलं असतं, गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढले असते आणि चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं असतं. पण तुम्हाला मणिकर्णिकेवर पोचवून एकोणीस वर्षं झाली, म्हणून कागद पुढे ओढलाय. तुमची चूक कुणी काढली की तुम्ही रागवायचा नाहीत. आधी चष्मा काढायचात, पंच्याच्या टोकाने पुसायचात, परत लावायचात आणि म्हणायचात, "दाखव." हॉस्पिटलातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही तेच, "दिखाइए." तेव्हा दाखवते. फक्त क्रमाने सांगू द्या आणि मध्येच प्रश्न विचारू नका, आज मला धीर नाही.

आधी तुमची एक्स-रेची खोली. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, चादरी वाळत घातलेल्या दोऱ्यांच्या पलीकडे, दारावर लाल दिवा. शाळेला सुट्टी असली की आई मला तुमचा डबा घेऊन पाठवायची आणि बजावायची, लाल दिवा लागला असेल तर दाराला हात लावायचा नाही. मी बाकावर बसायचे. आतून तुमचा आवाज यायचा, "साँस खींचिए. रोकिए. हिलना मत." मग यंत्राची घरघर, आणि "छोड़िए." घरात मराठीत पुटपुटणारे माझे बाबा तिथे इतके खणखणीत बोलायचे की मला वाटायचं, आत कुणी दुसराच माणूस आहे. एकदा एका नावाड्याची म्हातारी आई आली होती, खोकून बेजार झालेली. तुम्ही "रोकिए" म्हटलंत की ती दर वेळी कुठवर रोखू म्हणून विचारायची, "ए बाबू, कबले रोकीं?" आणि ती बोलली की श्वास सुटायचा, छाती हलायची, फोटो बिघडायचा. दोन फिल्मा वाया गेल्या. तिसऱ्या वेळी तुम्ही बाहेर आलात, मला हाताला धरून आत नेलंत आणि तिच्यासमोर उभं केलंत. "माई, ई हमार बिटिया. देखा, अइसे रोके के बा." मी गाल फुगवून, डोळे वटारून श्वास रोखून दाखवला. म्हातारी इतकी हसली की तिला पुन्हा खोकला आला. मला परत बाकावर पाठवलंत, आणि त्या खेपेला फोटो अगदी नीट आला. तो ओला फोटो चिमट्याला लावून तुम्ही खिडकीशी धरलात आणि मला बोटाने दाखवलंत, ही फासळी, हे हृदय, आणि हा जो पांढुरका ढग आहे ना, हा तिचा खोकला. तेव्हापासून तुम्ही आत "रोकिए" म्हणालात की बाहेर बाकावर मीही श्वास रोखायचे. तुम्हाला हे कधी कळलं नसेल.

दुसरी गोष्ट पाण्याच्या तपेल्याची. ती मध्येच कुठून आली असं म्हणू नका, आजची अर्धी गोष्ट त्या तपेल्याची आहे. आजोबा ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवायचे आणि त्यांच्या मुलाने संहिता सोडून लोकांची हाडं बघायचं काम धरलं हे त्यांनी एका अटीवर गिळलं होतं. हॉस्पिटलातून आलात की आधी स्नान, मगच स्वयंपाकघराचा उंबरठा. उन्हाळ्यात काही वाटायचं नाही, पण पौष-माघात संध्याकाळी तुम्ही अंगणात पंचा लावून कुडकुडत उभे असायचात आणि चुलीवरचं पाणी तापेपर्यंत घरात कुणाचं पान वाढलं जायचं नाही. त्या तांब्याच्या तपेल्याचं बूड इतकं काळं होतं की बोट लावलं तर मखमलीसारखं लागायचं. मी दहा वर्षांची असेन. एका शनिवारी आईला खूश करायचं म्हणून चिंच आणि राख घेऊन बसले आणि दुपारभर ते बूड घासलं. तळहात सोलपटले, पण बूड असं लखलखलं की त्यात मला माझे दात दिसत होते. संध्याकाळी तुम्ही आलात. पाणी तापेना. तुम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे, दात वाजतायत, आत आजोबा खाकरतायत. शेवटी तुम्ही वाकून पाहिलंत. "हे कुणी घासलं?" मी शाबासकीसाठी पुढे झाले. "काळं बूड घासायचं नाही!" तुम्ही ओरडलात. तुम्ही माझ्यावर फारसं कधी ओरडला नाहीत, म्हणून तो आवाज अजून कानात आहे. "काळं आहे म्हणून ते आच खातं. चकचकीत केलंस, आता ती आच परत चुलीकडेच जाते." मी रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला वाईट वाटलं असणार, कारण तुम्ही शेजारून एक तसंच काळं तपेलं मागून आणलंत, दोन चुली मांडल्यात, दोन्हीत तांब्याने मोजून सारखं पाणी घातलंत, मनगटावरचं घड्याळ माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मोज." काळ्यातलं पाणी आधी तापलं. दोन्ही चुलींतली लाकडं सारखी होती का, हे तेव्हा आपण कुणीच पाहिलं नाही, ते सोडा. माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रयोग.

आता ट्यूब. यंत्राची जुनी ट्यूब बाद झाली आणि लखनौहून माणूस येऊन नवी बसवून गेला, तेव्हा तुम्ही साहेबांकडून परवानगी घेऊन मेलेली ट्यूब चादरीत गुंडाळून सायकल-रिक्षातून घरी आणलीत. आई म्हणाली, "आता हीसुद्धा घरात? हिचीही आंघोळ करायची का?" तुम्ही ती पाटावर ठेवलीत आणि काचेतून मला आतली टंगस्टनची तबकडी दाखवलीत. बशीएवढी तबकडी, आरशासारखी गुळगुळीत, आणि तिच्यावर कडेजवळून गोल फिरलेला एक करडा पट्टा. तुम्ही मला भिंग दिलंत. पट्ट्यावर सगळीकडे बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या. तुम्ही म्हणालात, इथे इलेक्ट्रॉन आदळतात, इथूनच किरण निघतात, हजारो माणसांचे फोटो या एवढ्याशा पट्ट्यातून निघाले. गरम होऊन होऊन तो फाटला. आता किरण त्या भेगांतच अडकतात, बाहेर कमी येतात, फिल्म फिकी येते. आणि मग ते वाक्य, "खडबडीत झालं की ट्यूब मेली." मी एम.एस्सी.ला प्रवेश घेतला त्या दिवशी तुम्ही हीच ट्यूब मला दिलीत. सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली होतीत, आत कापूस. बाकीच्या मुलींना घड्याळं मिळाली, साड्या मिळाल्या. मला मेलेली ट्यूब. मला त्याचा किती अभिमान वाटला हे मी तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच नियम सांगायला लागलात. काच फोडायची नाही. आत हवा नाही, फुटली तर आत कोसळेल आणि तुकडे डोळ्यांत उडतील. ती पेटी तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. वसतिगृहात, सासरी, आणि आता विद्यापीठाच्या घरात माझ्या टेबलाखाली.

आता माझं काम ऐका, तुम्हाला आवडेल. मीही एक्स-रेच काढते. फक्त माझ्याकडे तुमची ट्यूब नाही, तापती तार नाही, ते भीतीदायक व्होल्टेज नाही. माझ्याकडे प्रकाश आहे. लेसरचा प्रकाश, पण तो सलग नव्हे, तुकड्या-तुकड्यांनी. एका सेकंदाचे अब्ज तुकडे करा. त्यातला एक उचलून त्याचे पुन्हा लाख करा. तसले तीन-चार, एवढाच वेळ आमची एक पल्स टिकते. एवढ्याशा वेळात सगळी शक्ती कोंबायची आणि ती केसाहून बारीक ठिपक्यावर धरायची. धातूला वितळायलाही सवड मिळत नाही, त्याचा तिथल्या तिथे प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटून सैरावैरा धावायला लागतात आणि मागच्या धातूवर आदळतात. तिथून पुढे तुमचंच दुकान, बाबा. इलेक्ट्रॉन आदळले की एक्स-रे निघतात. आणि ती चमक इतकी क्षणिक असते की तेवढ्या वेळात अणूसुद्धा जागचा हलत नाही. म्हणजे कळलं का? "हिलना मत" म्हणायचीच गरज नाही! ती म्हातारी बोलली असती, खोकली असती, नाचली असती तरी चाललं असतं. अर्थात एका पल्समध्ये छातीचा फोटो निघेल इतके किरण आमच्याकडे निघत नाहीत. तिथेच तर सगळं अडलं होतं. गुळगुळीत धातूवर लेसर मारला की निम्म्याहून जास्त प्रकाश आरशावरून जावा तसा परत फिरतो. एवढा महागाचा प्रकाश, आणि तो उलट्या पावली जातो. माझी एवढी वर्षं तो परत फिरणारा प्रकाश बघत गेली.

माझ्याकडे एक मुलगी पीएच.डी. करतेय. बलियाजवळच्या गावची, हडकुळी, कमी बोलणारी, पण कामाला वाघ. तिची मुदत होळीपर्यंत. तोपर्यंत सांगण्यासारखं काही हाती लागलं नाही तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर गावाकडच्या इंटर कॉलेजात शिकवायची जागा घेऊन परत जायचं, हे तिने घरी कबूल केलेलं. दीड वर्षापूर्वी ती एक तांब्याचा पत्रा घेऊन माझ्या खोलीत आली. पत्र्याची एक बाजू काळीकुट्ट. तिने त्यावर तांब्याच्याच तारा उगवल्या होत्या, इतक्या बारीक आणि दाट की साध्या डोळ्यांना नुसती मखमल दिसायची. मी पत्रा हातात घेतला आणि माझ्या तोंडून गेलं, "ये क्या कालिख पोत के ले आई हो?" ती म्हणाली, "मैडम, एक बार मार के देख लेते. लाइट अंदर फँसेगी." प्रकाश आत अडकेल, असं तिचं म्हणणं. मी नाही म्हटलं. तिला मी शास्त्रशुद्ध कारण दिलं, तेही खोटं नव्हतं. मुख्य पल्स येण्याच्या जराशी आधी लेसरमधून थोडा प्रकाश गळतो, आणि तेवढाही ती तारांची लव जाळून सपाट करायला पुरतो. मग मुख्य पल्सला पुढे काय मिळणार? जगात इतर ठिकाणी लोकांनी असली टार्गेटं वापरली आहेत, त्यांचे लेख मी वाचले होते. मी म्हणायचे, त्यांचा लेसर त्यांचा, आपला आपला. पण खरं सांगायचं तर ते कारण मी नंतर शोधलं. तो काळा, केसाळ पत्रा बघताक्षणी माझ्या डोक्यात तुमचा आवाज आला होता, खडबडीत झालं की ट्यूब मेली. मी तिला पत्रा घासून आणायला सांगितला. आणि ती पोर घासून घेऊन आली, बाबा. चकचकीत. पुढचं दीड वर्ष तिने माझ्या सांगण्यावरून पत्रे घासले, आणि प्रकाश परत फिरत राहिला. एक्स-रे निघायचे, पण इतके थोडे की ती मोजणीचा कागद माझ्यासमोर ठेवताना वर बघायची नाही.

तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. तुमचे जावई बँकेतून निवृत्त झालेत आणि आता घराच्या मागे लागलेत. डबे, कपाटं, माळा, काही सोडत नाहीत. थंडीत रविवारी आम्ही अजून गच्चीवर चूल पेटवून तुमच्याच तपेल्यात आंघोळीचं पाणी तापवतो. गीझर आहे, पण ती माझी हौस. मी वर गेले तर हे खुशीत उभे, हातात तपेलं उलटं धरलेलं, आणि बूड असं लखलखतंय की त्यात गच्चीवरची वाळत घातलेली साडी दिसतेय. "अगं, किती वर्षांची घाण होती! बघ कसं निघालंय. चिंच लावून दोन तास घासलं." आणि मी ओरडले. "काळं बूड घासायचं नाही! काळं आहे म्हणून ते आच खातं, चकचकीत केलं की ती परत..." हे बिचारे तपेलं धरून उभे. मी तशीच कठड्याला टेकले. परत जाते. परत चुलीकडे जाते. दीड वर्ष मी त्या पोरीला काळं बूड घासायला लावत होते! तुमची दोन वाक्यं मी लहानपणापासून डोक्यात घेऊन फिरतेय, एक ट्यूबचं आणि एक तपेल्याचं, आणि ती एकमेकांसमोर कधी उभीच केली नव्हती. ट्यूबमध्ये धातूवर इलेक्ट्रॉन आदळतात; ते आरशाला भीत नाहीत, चकाकी आहे म्हणून परत फिरत नाहीत. तिथे भेगांत अडकतात ते बाहेर निघणारे किरण, म्हणून भेगा वाईट. माझ्याकडे आदळतो तो प्रकाश, चुलीच्या आचेचा सख्खा भाऊ, आणि मला तर तोच अडकवायचा होता. मी चुकीचं वाक्य धरून बसले होते. हे म्हणाले, "पुन्हा काळं करून देऊ का?" मी म्हटलं, "अहो, तुम्ही फार मोठं काम केलंत," आणि आंघोळ न करताच विद्यापीठात गेले. त्यांना वाटलं मी रागावून गेले. दुपारी मला शोधत डबा घेऊन आले.

ती मुलगी प्रयोगशाळेतच होती, रविवारीसुद्धा पत्रे घासत. मी तिला म्हटलं, "वो काला वाला अभी है?" तिने कपाटाच्या खालच्या खणातून एक डबी काढली. आणि मग दुसरी, तिसरी. बाबा, तिने सात पत्रे करून ठेवले होते. मी नको म्हटल्यावरसुद्धा, मला न सांगता. आणि तेवढंच नाही. लेसरमधून आधी गळणारा तो प्रकाश, जो मी कारण म्हणून पुढे केला होता, तो तिने गेल्या वर्षभरात एकेक आरसा तपासत जवळजवळ बंद करत आणला होता. मला वाटत होतं ती नुसतीच यंत्र साफ ठेवतेय. मी विचारलं, "बताया क्यों नहीं?" ती म्हणाली, "आप मना कर देतीं." मी म्हटलं, "लगाओ."

अर्धा पत्रा घासलेला, अर्धा काळा, असा तिने निर्वात पेटीत बसवला. तुम्हाला ती खोली आवडली असती. बाहेर तुमच्यासारखाच लाल दिवा, आत गारठा, आम्ही दोघी जाड चष्मे लावून पडद्यासमोर. प्रत्येक शॉटने पत्र्याला एक बारीक खड्डा पडतो, म्हणून दर वेळी पत्रा जरासा सरकवून कोरी जागा द्यावी लागते. आधी चकचकीत भागावर मारलं. पडद्यावर एक्स-रे मोजणारी रेघ आली, नेहमीसारखी बेताची. मग पत्रा सरकत सरकत काळ्या भागावर आला, तिने बटण दाबलं, आणि डिटेक्टरची रेघ पडद्याच्या वर निघून गेली. मला वाटलं, यंत्र बिघडलं. तिलाही तेच वाटलं. तिने आधी वायर हलवून बघितली. मग डिटेक्टर लांब सरकवला, किरण थोडे अडवायला समोर जस्ताची पट्टी लावली. पुन्हा मारलं. पुन्हा वर. परत चकचकीत भागावर गेलो, रेघ खाली. काळ्यावर आलो, वर. असं किती वेळा केलं ते विचारू नका. कितीपट ते मी इथे लिहीत नाही, अजून नीट मोजायचंय, आणि न मोजलेला आकडा तुम्हाला सांगायची माझी हिंमत नाही. पण पुष्कळ, बाबा, पुष्कळ! ती मुलगी खुर्चीवरून उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि खांदे हलायला लागले. मी जवळ जाऊन म्हटलं, "मुझसे गलती हुई. डेढ़ साल मैंने खराब किया तुम्हारा." ती डोळे पुसत म्हणाली, "अरे नहीं मैडम, पॉलिश करना तो सीख गए." मग दोघीही वेड्यासारख्या हसलो, आणि तेवढ्यात दाराबाहेर तुमचे जावई डबा घेऊन हजर. लाल दिवा लागलेला म्हणून त्यांनी दाराला हात लावला नव्हता, बाहेरून नुसतेच हाका मारत होते.

तिचा प्रबंध होणार. होळीच्या आधी होणार, आणि गावाकडच्या जागेला तिने नको म्हणून कळवलंसुद्धा. पण मी तिला एवढंच सांगून थांबायला हवं होतं, आणि मी थांबले नाही. मला अपराध्यासारखं वाटत होतं, म्हणून मी तिला तुमचं वाक्य सांगितलं. आपण काळ्याला का नाही म्हणालो, ते. खोली, म्हातारी, तपेलं, ट्यूब, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वो ट्यूब कहाँ है?" मी म्हटलं, घरी, टेबलाखाली. ती म्हणाली, "मैडम, उसी प्लेट पर दोनों हैं न. चिकना भी, फटा हुआ भी." मला क्षणभर कळलं नाही. मग उमगलं. एकाच तबकडीवर गुळगुळीत टंगस्टन आणि शेजारी भेगाळलेला पट्टा! तेच टंगस्टन, तेवढंच जुनं. याहून चांगली तुलना कोण बनवून देणार होतं? तुम्ही ती मला कापसात गुंडाळून देऊन ठेवली होतीत.

मी आठ दिवस नाही म्हणत राहिले. आणि मग काच फोडली. रागवायचं असेल तर आत्ता रागवा. डोळ्यांना चष्मा लावला होता, हातमोजे होते, तुमच्या उरलेल्या एकुलत्या एका पंच्यात ट्यूब गुंडाळून बादलीत ठेवली होती आणि वरून फळी. हातोडी मी मारली, तिला मारू दिली नाही. तुम्ही सांगितलं होतंत तसंच झालं, काच आतल्या आत कोसळली, एकच दणका, आणि मग बादलीत वाळूसारखा आवाज. पंचा उलगडला तर आत तबकडी, कुठे ओरखडासुद्धा नाही. कितीतरी वर्षांनी तिला हवा लागली. मी तिच्यावरून बोट फिरवलं. गुळगुळीत भाग थंडगार आणि निसरडा, आणि पट्टा मांजराच्या जिभेसारखा. मनात आलं, याच पट्ट्यातून म्हातारीचा फोटो निघाला होता.

आज दुपारी ती तबकडी निर्वात पेटीत बसवली. आधी गुळगुळीत भाग. रेघ आली, बेताची. मग ती मुलगी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मैडम, अब बाबूजी वाला घेरा मारें?" मी मान हलवली. तबकडी सरकली, पट्टा समोर आला. तुमचं वाक्य खरं असतं तर इथून काही निघायला नको होतं. आणि रेघ वर गेली. तांब्याच्या मखमलीइतकी नाही, हे कबूल. तुमच्या भेगा तिच्या तारांपेक्षा खूप मोठ्या आहेत, प्रकाश त्यांत जरा अडकतो, जरा निसटतो. पण शेजारच्या गुळगुळीत भागापेक्षा वर. पुन्हा मारलं, पुन्हा वर. दहा वेळा मारलं, दहाही वेळा वर. तुमची ट्यूब मेली नव्हती, बाबा. तुम्ही तिला मेली म्हणून घरी आणलीत आणि ती एवढी वर्षं माझ्या टेबलाखाली, कापसात, कुणीतरी प्रकाश मारायची वाट बघत होती. ती मुलगी टाळ्या वाजवत होती. मला कुणाला तरी "दाखवते" म्हणायचं होतं आणि म्हणायला समोर कुणी नव्हतं. तेवढं एकच वाईट वाटलं, आणि फार वाटलं.

हे पत्र जाणार कुठेच नाही. ट्यूबची पेटी आता रिकामी आहे, कापूस अजून तुमच्याच वेळचा आहे, त्यात ठेवून देईन. तबकडी मात्र परत ठेवणार नाही. ती मुलगी म्हणते, अजून बराच पट्टा कोरा आहे.

आणि एक. काच फोडल्याचं तर सांगितलंच, पण हे तिलाही सांगितलेलं नाही. पट्ट्यावर पहिला शॉट मारायला तिने बटणावर बोट ठेवलं तेव्हा मी गाल फुगवून श्वास रोखून धरला होता. आमच्या लेसरला त्याची काहीही गरज नव्हती. रेघ वर गेल्यावरसुद्धा मी तशीच होते, बाबा. कुणीतरी "छोड़िए" म्हणायची वाट बघत होते.